धुरींच्या मशीनचा कौल

दुकान बंद केलं तेव्हा ओळखीचे सगळे विचारायचे, "का हो बंद केलंत?" गुडघे, डोळे, दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू घेणारी गिऱ्हाइकं अशी उत्तरं मी तयार ठेवली होती आणि ती खोटी नव्हती. कुणाला विचारून बंद केलंत, असं मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर लालबागच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर असलेल्या कपडे धुण्याच्या मशीनचं नाव सांगावं लागलं असतं.

माझं दुकान परळच्या एका गल्लीत होतं. मिक्सर, ओव्हन, वॉशिंग मशीन, जे बंद पडेल ते माझ्याकडे यायचं. लोकांना वाटतं, दुरुस्तीवाल्याचं काम यंत्राशी असतं. यंत्राचा त्रास काहीच नसतो हो. ते उघडावं, बघावं, मिटवावं. त्रास असतो तो यंत्राबरोबर येणाऱ्या माणसाचा. माटुंग्याचे एक गृहस्थ मिक्सर शालीत गुंडाळून आणायचे आणि "याला पालथा झोपवू नका, याला सवय नाही," असं बजावून जायचे. गिरगावातल्या एका बाईंचा ओव्हन ठीक करून पाठवला, तर हा आमचा ओव्हन नाहीच म्हणून त्यांनी परत पाठवला, कारण तो आता वेळेवर बंद होत होता. अशी माणसं सांभाळायला मी शिकलो होतो. तरी धुरींच्या घरचं प्रकरण मला पुरून उरलं.

एका सकाळी फोन आला.

"मामा, अश्विनी धुरी बोलतेय. माझं लग्न अडलंय."

"अगं, मग भटजींना फोन कर."

"भटजींचं काही नाही हो. मशीनचा नॉब फिरत नाहीये, म्हणून अडलंय."

अश्विनीचे वडील माझे जुने स्नेही. उमेदीची वर्षं गिरणीत गेली, गिरणी गेल्यावर मिळेल ते केलं, आणि चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला तेव्हा त्यांनी पहिली वस्तू घेतली ती हे मशीन. "आयुष्यभर कापड विणलं, आता धुतो," असं म्हणायचे. मशीन तेच लावायचे. दसऱ्याची पूजा सोडली तर वहिनींना हातही लावू द्यायचे नाहीत. त्या फोनच्या दोन वर्षं आधी ते अचानक गेले, आणि त्यानंतर वहिनी मशीन चालवायला शिकल्या.

मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. दार उघडलं तर उदबत्तीचा वास. स्वयंपाकघराच्या बाजूला मशीन, मशीनला झेंडूचा हार, आणि समोर पाटावर शेजारच्या मयेकरबाई डोळे मिटून बसलेल्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "देव आज बोलत नाही हो."

झालं होतं ते असं. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. देवाच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धुरींच्या मशीनला मधोमध गोल नॉब आहे आणि त्याच्याभोवती दिव्यांचं कडं. मशीन चालू केलं की सगळ्यात वरचा दिवा लागतो. नॉब उजवीकडे फिरवला की दिवा उजवीकडे सरकतो, डावीकडे फिरवला की डावीकडे. काही महिने आधी एका सकाळी वहिनींनी नऊवारी आत घातली, नॉब उजवीकडे फिरवला, आणि दिवा डावीकडे सरकला. पुन्हा फिरवला, पुन्हा डावीकडे. वहिनी वैतागून म्हणाल्या, "नको म्हणता का? बरं, नाही धूत." त्याच दुपारी इमारतीची टाकी साफ करायला घेतली आणि नळाला गढूळ लाल पाणी आलं. नऊवारी वाचली.

दुसऱ्या दिवसापासून मशीन कपडे कमी धुऊ लागलं आणि सल्ला जास्त देऊ लागलं. प्रश्न विचारून नॉब उजवीकडे फिरवायचा; दिवा उजवीकडे गेला तर होकार, डावीकडे गेला तर नकार. मजल्यावरचे विचारायला येऊ लागले, मग खालचे, मग वरचे. मयेकरबाईंच्या बंटीने सायन्सला जावं का, यावर दिवा डावीकडे गेला आणि बंटी कॉमर्सला गेला. वरळी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी पारूबाई टोपली बाहेर ठेवून, पाय धुऊन कौल घेऊन जायची. मंगळवारी आणि शुक्रवारी तर लिफ्टला रांग.

आणि आता अश्विनीचा प्रश्न होता. तिला माझगावच्या ग्लेनशी लग्न करायचं होतं. मुलगा गोदीत ड्राफ्ट्समन, तिथल्याच जुन्या ख्रिश्चन घरातला, मराठी आपल्यासारखंच बोलणारा. वहिनी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "मशीनला विचारू," एवढंच म्हणाल्या. विचारायला गेल्या तर नॉब कितीही फिरवा, दिवा जागचा हलेना. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला होता की या मॉडेलचा पार्ट आता येत नाही, नवीन मशीन घ्या. वहिनींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"नवीन मशीनला काय माहीत आमच्या घरातलं?" त्या मला म्हणाल्या.

मी हार बाजूला केला, नमस्कार केला (समोर मयेकरबाई होत्या), आणि नॉब उपसला. त्याच्या मागे जो लहानसा भाग असतो त्याला एन्कोडर म्हणतात. तो काय करतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चाळीच्या गॅलरीतून पेपरवाला चाललाय असं समजा. आपण आत झोपलोय. आधी पहिल्या खोलीच्या दारात पेपर पडल्याचा आवाज आला आणि मग दुसऱ्या, तर तो जिन्याकडून नळाकडे चाललाय. आधी दुसऱ्या आणि मग पहिल्या, तर परत येतोय. एन्कोडरच्या आत असे दोन संपर्क असतात. आधी कुठला लागला यावरून मशीन ठरवतं की नॉब उजवीकडे फिरला की डावीकडे. त्यातला एक संपर्क घाण झाला, कधी लागला, कधी नाही, की मशीनचा गोंधळ उडतो. दोन्ही गेले की मशीन झोपूनच राहतं.

मी एन्कोडर उघडला आणि आत कुंकवाचा करंडाच निघाला. दर दसऱ्याला धुरींच्या घरात यंत्रांची पूजा व्हायची, आणि मशीनचं कपाळ म्हणजे नॉब, असं ठरवून वहिनी त्यालाच ओलं हळदकुंकू लावायच्या. ते फटीतून उतरून आत घट्ट बसलं होतं.

"वहिनी, हे बघा. कुंकू आत गेलं म्हणून बिघडलं."

वहिनींनी तो लाल लगदा निरखून पाहिला. "बरोबर. आत पोचलं तेव्हाच ते बोलायला लागले."

मी एन्कोडर खिशात टाकला आणि पर्यायी पार्ट बसवून देतो म्हटलं.

त्याच संध्याकाळी अश्विनी दुकानात आली. "मामा, आई आणि गावाहून आलेले आबाकाका दोघंही मनातून विरोधात आहेत. तोंडाने बोलत नाहीत, पण मला कळतं. तुम्ही असं काहीतरी बसवा की कौल उजवाच येईल. आणि प्लीज, आईला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. मिक्सरचं भांडं दाखवायला आणलं होतं, त्याला काहीही झालेलं नव्हतं. "भाऊ, मला मुलगा पसंत आहे. पण भावजींपुढे मी कुठल्या तोंडाने सांगू? ते देवळातले मानकरी. मशीनने सांगितलं तरच ते ऐकतील. आत काय करायचं ते करा, पण उजवा येऊ दे. पोरीला कळता कामा नये, तिला वाटेल आई लबाड आहे."

आणि त्यानंतर गावाहून आलेले आबा धुरी, म्हणजे वहिनींचे थोरले दीर, काठी टेकत माझ्या स्टुलावर येऊन बसले. मग म्हणाले, "मास्तर, पोरगो बरो असा. मासो खाता, मराठी बोलता, आणि काय व्हया? पण माझ्या भावजयेचा काय सांगू? ती त्या मशीनाबिगर कोणाचा आयकूची नाय. तेवढो उजवो येयत असा काय तरी करा. आणि ह्या तुमच्या-माझ्यात."

मला हसावं की रडावं कळेना. ही तिघं तेव्हा एका घरात राहत होती, एकाच टोपातली आमटी जेवत होती. तिघांनाही लग्न व्हायला हवं होतं, आणि तिघंही एकमेकांना घाबरून माझ्याकडे चोरून येत होती. त्याहून गंमत अशी की त्यांनी मला लबाडी करायला सांगितली तरी मला लबाडी करायची गरजच नव्हती. चांगला एन्कोडर उजवीकडे फिरवला की उजवीकडेच जातो. मी फक्त माझं काम नीट करायचं होतं. पण हे सांगितलं असतं तर कौलाचंच महत्त्व गेलं असतं, म्हणून मी तिघांनाही गंभीर चेहरा करून "बघतो" म्हटलं.

पार्ट शोधायला मी लॅमिंग्टन रोडला निघालो तेव्हा ग्लेन स्कूटर घेऊन दारात हजर होता. सिग्नलला थांबलो तेव्हा मागे वळून म्हणाला, "मामा, पार्ट मिळेल ना? मम्मीने नोव्हेना धरलाय. नऊ दिवस प्रार्थना चाललीय घरी."

"लग्नासाठी?"

"नाही, मशीनच्या पार्टसाठी. लग्नाचं अजून सांगितलं नाही तिला, उगाच टेन्शन घेईल."

हुबेहूब पार्ट मिळाला नाहीच. मिळाला तो गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या आवाजाच्या बटणाचा. त्याची दांडी दातेरी होती, आपल्या नॉबला एका बाजूने सपाट दांडी लागते. म्हणून कानशीने घासून एक बाजू सपाट केली. उंची कमी पडत होती, तर खाली प्लास्टिकची चकती घातली. त्याचे धातूचे पाय बोर्डाच्या भोकांत बसेनात, म्हणून बारीक तीन वायरी ओढल्या. अशा कामात मला अजूनही आनंद होतो. दुसऱ्याच्या घरचा पार्ट आपल्या मशीनमध्ये असा बसवावा की त्यालाही परकं वाटू नये. मीटर लावून बघितला, दोन्ही संपर्क ठणठणीत होते. आधी कुठला लागतो, ते मात्र साध्या मीटरला कळत नाही. ते मशीनला जोडून, एकदा फिरवूनच बघावं लागतं. कारण काही एन्कोडरांत बाहेरचे दोन पाय उलट असतात. उलट निघाले तर दोन वायरींची अदलाबदल करायची, पाच मिनिटांचं काम.

रविवारी सकाळी मी बसवायला गेलो तेव्हा घर भरलं होतं. मयेकरबाई, बंटी, पारूबाई, खालच्या मजल्यावरची मंडळी. ग्लेन नवा शर्ट घालून, बूट काढून दाराशी उभा. मी वायरींना सोल्डरचे डाग दिले, नॉब बसवला, प्लग लावला, आणि सवयीने हात पुढे केला.

वहिनींनी माझं मनगट पकडलं. "भाऊ, पहिला हात कौलाचा."

"वहिनी, एकदा टेस्ट करायला लागतं."

"देवाची टेस्ट घेणार?"

माझ्या सगळ्या आयुष्यात मी एकही वस्तू तपासल्याशिवाय हाताबाहेर सोडली नव्हती. पण त्या मनगट सोडेनात. मनातल्या मनात मी ग्लेनच्या मम्मीला म्हटलं, बाई, आजचा दिवसही धरा.

आबांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. ग्लेन एक क्षण उशिरा, पण मोठ्याने म्हणाला.

"आज ह्या धुऱ्यांच्या घरात पोरीच्या लग्नाचा इचारूक आमी जमलंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरग्याचा घर येगळा, देव येगळो, पण मन साफ असा. तर ह्या लगीन व्हावचा असात, तर उजवो कौल दी रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वहिनींनी पदर खोचला, नॉब धरला आणि उजवीकडे फिरवला. टक् असा छान आवाज झाला. दिवा डावीकडे सरकला.

अश्विनीने ओठ दाताखाली धरला. ग्लेनने भिंतीचा आधार घेतला. आणि वहिनी, अश्विनी, आबा, तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. पाय उलट निघाले होते. पाच मिनिटांचं काम. पण ते बोलून दाखवलं तर मशीन म्हणजे नुसत्या वायरी, हे भरल्या घरात मीच सिद्ध करणार. आणि गप्प बसलो तर पोरीचं लग्न माझ्या हातून मोडणार. मी एवढंच म्हणालो, "मला जरा पाच मिनिटं..."

आबांनी काठी उचलून मला थांबवलं. ते मशीनकडे बघत राहिले. मग हळूहळू चालत मशीनपर्यंत गेले, त्याला पाठ लावून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि उजवा हात बाजूला लांब केला. तो आमच्या डावीकडे आला.

"देव आमच्याकडे तोंड करून बसता," ते म्हणाले. "मग देवाचो उजवो हात खयच्या बाजूक?"

मयेकरबाईंनी स्वतःचा उजवा हात उचलून पाहिला.

"उजवो म्हणजे देवाचो उजवो, तुमचो न्हय! उजवो कौल इलो!"

"व्हय म्हाराजा!" घर दणाणलं. अश्विनी आईच्या गळ्यात पडली. वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या, आणि पारूबाईने ग्लेनच्या गालांवरून मासळीचे हात फिरवून बोटं मोडली.

एकट्या मयेकरबाई हिशेब लावत उभ्या होत्या. "थांबा, थांबा. म्हणजे आमच्या बंटीला तेव्हा डावा आला तो उजवाच होता? सायन्सच होतं?"

"तेव्हा आत कुंकू होतं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. मयेकरबाई पुन्हा बोटं मोजू लागल्या. बंटी मात्र मला बराच निश्चिंत दिसला.

त्या दिवशी तिघांनीही मला गुपचूप गाठलं. अश्विनीने कोपऱ्यात हात दाबला. वहिनींनी डब्यात भरपूर घावणे दिले. आबा लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मानला तुका. देवाची उजवी बाजू खयची ता तुका म्हायत असात असा माका वाटला नव्हता." मी मान हलवली. मी मुद्दाम तशा वायरी जोडल्या असं त्यांना खरंच वाटत होतं, की तो क्षण निभावून नेल्यावर माझीही लाज राखत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि आता आबा राहिले नाहीत.

वायरी सरळ करून देतो म्हणून मी दोनदा फोन केला. वहिनी म्हणाल्या, "आणि मग दिलेला कौल फिरला तर?" लग्न झालं. आधी माझगावच्या चर्चमध्ये, मग परळच्या हॉलमध्ये. ग्लेनच्या मम्मीने मला मिठी मारून सांगितलं की पार्टसाठी केलेल्या प्रार्थनेला एवढं मोठं फळ येईल अशी तिला कल्पना नव्हती.

पुढच्या दसऱ्याला वहिनींनी मला सोनं द्यायला बोलावलं. मशीनला हार होता, पण हळदकुंकू काचेच्या दारावर लावलं होतं आणि नॉबवर स्टीलची वाटी पालथी घालून चिकटपट्टीने बसवली होती. लिफ्टला रांग नव्हती, पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. मी विचारलं, "हल्ली कुणी येत नाही?"

"येतात. मी परत पाठवते. आम्हाला विचारायचं होतं ते झालं विचारून."

मग त्या मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊ, खरं सांगू? मला देव-बिव काही वाटला नव्हता त्यात. हे होते तेव्हा बारीकसारीक सगळं यांना विचारायची सवय. गेल्यावर कुणाला विचारायचं? नॉबवर त्यांचा हात असायचा, म्हणून मी आपली नॉबला विचारायला लागले. बाकीचे उगाच मध्ये घुसले."

मी पिशवीच्या कप्प्यातून जुना एन्कोडर काढला. का कोण जाणे, तो मी टाकला नव्हता. त्यातलं कुंकू आता सुकून घट्ट झालं होतं. वहिनींनी तो दोन्ही हातांत घेतला आणि देव्हाऱ्यात, धुरींच्या छोट्या फोटोजवळ ठेवला. मग चहा टाकायला आत गेल्या.

मी मशीनसमोर एकटाच उरलो. दुकानाचं काय करायचं हा घोर त्या वर्षी मला लागला होता. बायको म्हणे बंद करा, मुलगा म्हणे तुमचं तुम्ही ठरवा, आणि मला ठरवता येत नव्हतं. मी आत डोकावून पाहिलं. गॅसचा आवाज येत होता. मी चिकटपट्टी सोडवली, वाटी बाजूला ठेवली, मशीन चालू केलं. त्या दोन वायरी मी स्वतः डाग देऊन जोडल्या होत्या. दिवा कुठे जाणार हे जगात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी हात जोडले, हळू आवाजात विचारलं, "धुरी, दुकान बंद करू का?" आणि नॉब उजवीकडे फिरवला.

दिवा डावीकडे सरकला, आणि मला फार बरं वाटलं. मी वाटी पुन्हा तशीच लावून ठेवली. वहिनी चहा घेऊन आल्या, वाटीच्या सुटलेल्या चिकटपट्टीकडे त्यांनी पाहिलं, आणि काही न विचारता माझ्यापुढे कप ठेवला.